रेव्हिटमध्ये इमारतीचे मॉडेल उताराच्या जमिनीशी जुळवताना (ग्वाल्हेर)

लष्करवासी
ग्वाल्हेरच्या लष्कर या भागाबाहेरील उताराच्या भूखंडावर एका दुमजली घराचे काम माझ्याकडे आहे. रेव्हिट २०२४ (इमारतीचे त्रिमितीय मॉडेल करण्याचे सॉफ्टवेअर) मधील मॉडेलमध्ये तळमजल्याची पातळी शून्य धरली असून भिंती पडद्याच्या कडांना समांतर ठेवल्या आहेत. माझ्याजवळ दोन डीडब्ल्यूजी, म्हणजे ऑटोकॅडच्या फाइली, आहेत. जुन्या सर्व्हेतील हद्दीच्या फाइलीत पूर्वेचे कोऑर्डिनेट आठ लाखांच्या घरातले आहेत, तर नव्या जीपीएस सर्व्हेतील काँटूरच्या (समान उंचीच्या रेषांच्या) फाइलीत ते दोन लाखांच्या घरातले आहेत. एक कोपरा जुळवला, तर दुसरी बाजू अडीच अंशांनी तिरपी जाते. शिवाय जुन्या नकाशातील बेंचमार्क (उंची ठाऊक असलेला पक्का बिंदू) २०८ मीटरचा असताना काँटूरचे आकडे १५० च्या आसपास आहेत. मूळ बिंदूवर लिंक करू गेल्यास आकृती फार दूर असल्याची सूचना येते. इमारत हलवावी की जमीन?

चुनाविटा
माझ्या मते सोपा मार्ग म्हणजे सगळी इमारत निवडून काँटूरवर नेऊन ठेवावी. लहान कामात मी तसेच करतो.

कोनमापक
तसे करू नये, असे मी आग्रहाने म्हणेन. रेव्हिटमधील आकृती अंतर्गत मूळ बिंदूपासून १६ किलोमीटरच्या आत असावी लागते, आणि यूटीएममध्ये (पृथ्वीचे उभे पट्टे पाडून ठिकाण मीटरमध्ये सांगणाऱ्या पद्धतीत) ग्वाल्हेरचे उत्तरेचे कोऑर्डिनेटच सुमारे २९ लाख मीटर भरते. इमारत तिथे नेली, तर रेषा थरथरतात आणि मोजमापे बिघडतात. इमारत मूळ बिंदूजवळच राहू द्या. तिचे खरे ठिकाण शेअर्ड कोऑर्डिनेट्सकडून, म्हणजे सर्व फाइलींना समान असलेल्या सर्व्हेच्या कोऑर्डिनेट्सकडून, कळू द्या.

आता तुमच्या अडीच अंशांविषयी. यूटीएमचे ४३ आणि ४४ हे पट्टे ७८ अंश पूर्व रेखांशावर मिळतात आणि आपले शहर त्या रेषेच्या जेमतेम पंधरा-वीस किलोमीटर पूर्वेला आहे. त्यामुळे नियमाने आपण ४४ मध्ये येतो. पण इंदूर आणि वडोदरा ४३ मध्ये असल्याने तिकडचे साचे वापरणारे लोक इथलेही काम ४३ मध्येच करून टाकतात. पूर्वेचा आकडा आठ लाखांचा असेल तर फाइल ४३ मधली, दोन लाखांचा असेल तर ४४ मधली, हे नुसते पाहून ओळखता येते. पट्ट्याची उत्तर (नकाशाच्या उभ्या रेषांची दिशा) आणि खरी उत्तर यांच्यात इथे ४४ मध्ये सुमारे सव्वा अंशाचा, तर ४३ मध्ये उलट दिशेने सुमारे १.४ अंशाचा फरक पडतो. दोन्ही मिळून तुमचा कोन होतो. तेव्हा हद्दीची फाइल हाताने फिरवू नका, सर्व्हेयरकडून ४४ मध्ये रूपांतरित करून घ्या.

आडवी पातळी
उंचीचा घोळ वेगळा आहे. जीपीएस यंत्र मुळात गणिती लंबगोलापासूनची उंची देते आणि मध्य भारतात ती समुद्रसपाटीपासूनच्या उंचीपेक्षा पन्नास मीटरांहून अधिक कमी भरते. अंदाजाने आकडा मिळवू नये. सर्व्हेयरने त्याच यंत्राने तुमच्या २०८ च्या बेंचमार्कवर वाचन घ्यावे आणि येणारा फरक सगळ्या काँटूरना द्यावा. एका भूखंडापुरता तो फरक स्थिर मानायला हरकत नाही.

ऑटोकॅडमध्ये काँटूरच्या रेषांना खरोखर उंची दिलेली आहे का, हेही तपासा. पुष्कळदा आकडा नुसता मजकूर म्हणून लिहिलेला असतो आणि रेषा शून्यावर पडलेली असते. असा एक जरी तुकडा राहिला, तरी टोपोसॉलिडमध्ये (रेव्हिटमधील जमिनीच्या मॉडेलमध्ये) दोनशे मीटर खोल विहीर तयार होते.

लष्करवासी
दोघांचे आभार. दुरुस्त फाइली मिळाल्यावर क्रम कसा ठेवावा? जोत्याची पातळी २०९.६० ठरली आहे.

कोनमापक
काँटूरची फाइल मीटर हे एकक स्वतः निवडून, केंद्राला केंद्र या पर्यायाने लिंक करा. नंतर प्लॅनमध्ये लिंकच हलवून हद्दीचा एक पक्का खुंट ग्रिडच्या ठरलेल्या छेदाशी आणा आणि दुसरा खुंट जुळेपर्यंत ती पहिल्याभोवती फिरवा. एलिव्हेशनमध्ये २०९.६० ची उंची शून्य पातळीवर येईपर्यंत ती खाली घ्या. हे सगळे झाल्यावरच ‘अक्वायर कोऑर्डिनेट्स’ (लिंकचे कोऑर्डिनेट मॉडेलला देणारी आज्ञा) वापरा; सर्व्हे पॉइंट (सर्व्हेच्या कोऑर्डिनेट्सचा संदर्भबिंदू) आणि ट्रू नॉर्थ (उत्तर दिशा) आपोआप बसतील, मात्र ती उत्तर पट्ट्याची असेल, हे सावल्यांचा अभ्यास करताना लक्षात ठेवा. लेव्हलच्या टाइपमध्ये ‘एलिव्हेशन बेस’ सर्व्हे पॉइंट केला की शून्याऐवजी २०९.६० दिसेल. टोपोसॉलिड सर्वांत शेवटी आणि फक्त काँटूरच्या लेयरवरून करा.

यूटीएममध्ये इथले १०० मीटर जवळपास ६ सेंटीमीटरने जास्त भरतात. दुसरा खुंट तेवढ्याने चुकला, तर मॉडेल ताणू नका. आखणी साइटवरच्या खुंटावरून टेपने करा.

आडवी पातळी
स्ट्रक्चरल सल्लागाराला फाइल पाठवताना त्यांनी ती शेअर्ड कोऑर्डिनेट्सनेच लिंक करावी, असे लेखी कळवा.