चारमिनार, लाड बाजार आणि आसपास : अनुभव लिहा

आमच्याकडे लग्न ठरलं की बांगड्या लाड बाजारातूनच येतात. यंदा घरातली बरीच मंडळी पहिल्यांदाच हैदराबादला निघाली आहेत. बाजारही व्हावा आणि जुनं शहरही बघून व्हावं. जाऊन आलेल्यांनी लिहा.

परभणीकर :
शुक्रवार टाळा. सालारजंग संग्रहालय आणि चौमहल्ला राजवाडा दोन्ही बंद असतात, मक्का मशिदीत नमाजाची गर्दी. बाजार उशिरा उघडतो, म्हणून सकाळी चारमिनार बघून घ्या. १५९१चं काम आहे, मुहम्मद कुली कुतुबशहाचं. शेजारची मक्का मशीद कुतुबशाहीत सुरू झाली आणि पुरी झाली औरंगजेबाच्या काळात, १६९४ मध्ये. मग इराणी चहा, उस्मानिया बिस्किटं.

मोठी जाऊबाई :
चहा नंतर, आधी बांगड्या! नवरीची एक जुनी बांगडी मापाला न्या. दोन-चार की दोन-सहा, यावर दुकानात वाद नको. लाखेचा जोड आमच्यासमोर केला होता. निखाऱ्यावर मऊ केलेली लाख कड्यावर चढवायची आणि ती गरम असतानाच एकेक खडा बसवायचा. कारागिराचा हात इतका चालतो, की सासूबाई भाव करायच्याच विसरल्या. मी नाही विसरले. "अम्मा, बोहनी का टैम है" म्हणत त्याने निम्म्यावर दिला. तरी त्याला परवडलंच असणार.

नांदेडचा भाचा :
मोत्यांबद्दल कोणी बोललं नाही. हैदराबादला समुद्र नाही. निजामाच्या काळात इराकमधल्या बसऱ्याकडचे मोती इथे येत. आता बहुतेक माल चीनमधला, गोड्या पाण्यातला. त्यात फसवणूक नाही, फक्त 'बसरा' म्हणून भाव लावला तर पुढे चला. दातावर घासून किंचित खरखरीत लागला तर मोती खरा, काचेचा गुळगुळीत लागतो. पक्की पावती मागाच.

लातूरची लेक :
माझं मत वेगळं. खरेदीच्या दिवशी गोवळकोंडा नकोच. फतेह दरवाजात वाजवलेली टाळी वर बालाहिसारला ऐकू येते, ते ऐकायला चढावं लागतं. हातात पिशव्या घेऊन कोण चढणार? त्यापेक्षा दुपारी बाराच्या आत सालारजंगमधल्या घड्याळापुढे जागा धरा. छोटा पुतळा बारा ठोके मारतो आणि सगळं दालन मोठ्याने मोजतं. आमच्या आजोबांनी तर तेरावाही म्हटला.