लय, पट्टी आणि रस: ‘स्ट्रेंज फ्रूट’च्या निमित्ताने

प्रश्न: जुन्या जॅझ गायनाच्या ध्वनिमुद्रिकांची माहिती मराठीत लिहिताना टेम्पो, की आणि मूड या तीन रकान्यांत ‘विलंबित’, अमुक ‘स्वर’ आणि ‘उदास’ असे शब्द लिहिणे योग्य आहे का? अमेरिकन जॅझ गायिका बिली हॉलिडे यांचे ‘स्ट्रेंज फ्रूट’ हे गाणे उदाहरणादाखल घ्यावे.

उत्तर: टेम्पोसाठी ‘लय’ हाच शब्द योग्य आहे. ताल किंवा ठेका येथे चालणार नाही, कारण ताल मात्रांची रचना सांगतो आणि लय त्यांची गती सांगते. ‘विलंबित’ हे विशेषण मात्र मी टाळीन. हिंदुस्थानी गायनातील मोठ्या ख्यालात, विलंबित एकतालात (बारा मात्रांच्या तालात) एक मात्रा कित्येकदा चार-पाच सेकंद चालते, तर जॅझमधील संथ गीतात ती साधारण सेकंदागणिक पडते, आणि ख्याल ऐकलेल्या वाचकाला ही गती विलंबित मुळीच वाटणार नाही. ‘संथ लय’ असे साधे लिहावे. हॉलिडे शब्द मात्रेच्या किंचित मागून टाकतात, त्यामुळे गाणे अधिकच संथ भासते; पण साथीची लय तीच असते, म्हणून हे वैशिष्ट्य लयीच्या रकान्यात न घालता गायकीच्या वर्णनात घालावे.

की म्हणजे ‘पट्टी’. हे गाणे बी फ्लॅट मायनरमध्ये (मायनर म्हणजे कोमल गंधाराची पाश्चात्त्य स्वरपंक्ती) आहे, म्हणजे पेटीवर काळी पाच, सप्तकातील पाचवी काळी पट्टी. अडचण अशी, की पट्टी केवळ षड्ज (सा) कोठे धरला आहे एवढेच सांगते. काळी पाचमध्ये बिलावल रागही गाता येतो आणि अगदी वेगळ्या स्वरांचा तोडीही. म्हणून ‘पट्टी काळी पाच, मायनर’ असे दोन्ही लिहावे लागेल. मायनरऐवजी आसावरी थाटाचे (सात स्वरांच्या एका ठरावीक मांडणीचे) नाव देण्याचा मोह होईल, कारण नैसर्गिक मायनरचे स्वर तेच आहेत. परंतु पाश्चात्त्य मायनरमध्ये निषाद (नी) प्रसंगी शुद्धही होतो आणि गाण्याचा सगळा डोलारा स्वरमेळांवर, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांवर, उभा असतो, तेव्हा रूढ शब्दच ठेवलेला बरा.

खरा प्रश्न मूडचा आहे, आणि ‘उदास’ या शब्दाला माझा स्पष्ट विरोध आहे. अमेरिकेच्या दक्षिणेत कृष्णवर्णीयांना जमावाने ठार मारून झाडाला लटकवले जाई, त्या प्रेतांना या गीतात फळे म्हटले आहे. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातील शिक्षक एबल मीरोपोल यांनी ते लिहिले. कोलंबिया कंपनीने ते मुद्रित करण्यास नकार दिल्यावर मिल्ट गेबलर यांच्या कमोडोर या छोट्या कंपनीसाठी २० एप्रिल १९३९ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्याचे मुद्रण झाले. फ्रँकी न्यूटन यांचा ट्रम्पेट आणि सनी व्हाइट यांचा पियानो एक मिनिटाहून अधिक काळ वाजत राहतो आणि मगच आवाज येतो. त्या आवाजात आक्रोश नाही. शब्द सावकाश, स्पष्ट उच्चारलेले आहेत. शोक हा करुण रसाचा स्थायिभाव (मूळ भावना) आणि जुगुप्सा, म्हणजे किळस, हा बीभत्साचा. येथे दोन्ही एकत्र आहेत, आणि खाली दाबून धरलेला क्रोधही आहे. ‘उदास’ म्हटले की ऐकणाऱ्यापुढे एखादा विरही जीव उभा राहतो, आणि या गीतावर तो अन्याय आहे. मी ‘करुण व बीभत्स, संयत’ असे लिहीन. संथ लय आणि मायनर पट्टी यांवरून मूड आपोआप ठरवू नये, हेही आवर्जून सांगतो. तबकडीच्या दुसऱ्या बाजूचे ‘फाइन अँड मेलो’ त्याच दिवशी, त्याच गायिकेने गायिलेले आहे. लय तेथेही संथच आहे, पण ते प्रेमातील तक्रारीचे ब्लूज (अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचा गीतप्रकार) आहे.

आणखी एक उत्तर: वरील विवेचन मान्य आहे, पट्टीबाबत एक भर घालतो. ही मुद्रिका मिनिटाला ७८ फेऱ्यांची आहे. तबकडी सुमारे सहा टक्के जलद फिरली, म्हणजे ८२-८३ फेऱ्यांवर गेली, तर पट्टी अर्ध्या स्वराने चढून काळी पाचऐवजी पांढरी सात होते आणि लयही त्याच प्रमाणात वाढते. आपल्याकडील जुन्या तबकड्यांनाही हाच नियम लागू आहे. त्यामुळे अशा नोंदीत ‘मूळ पट्टी’ आणि ‘या प्रतीत ऐकू येणारी पट्टी’ हे दोन शब्दप्रयोग वेगळे ठेवावेत, आणि दोन प्रतींमध्ये लय व पट्टी दोन्ही एकाच प्रमाणात सरकलेली आढळली, तर गायिकेने गाणे निराळे गायिले असे समजण्याआधी तबकडीचा वेग तपासावा.