अंतरपाटावर हिरवे ठिपके : ग्राफिक कार्ड गेलं का?

अल्बमवाली_सांगली

नमस्कार. मी लग्नाचे अल्बम डिझाइन करते, सगळं काम फोटोशॉपवर. पीसी 2017 साली जुळवून घेतलेला : आय5 7400, 16 जीबी रॅम, 6 जीबी जीडीडीआर5 मेमरीचं ग्राफिक कार्ड. 2019च्या महापुरात रातोरात वरच्या मजल्यावर नेला म्हणून वाचला, तेव्हापासून त्याच्यावर फार जीव आहे.

परवा रात्री अंतरपाटाचा फोटो मोठा करून बघत होते, तर पांढऱ्या कापडावर बारीक हिरवे ठिपके. आधी वाटलं, अक्षता उडाल्यात. पण फोटो सरकवला तरी ठिपके जागच्या जागी, सारख्या अंतरावर, रांगोळीचा कागद ठेवल्यासारखे. अर्ध्या तासाने चौकटी आल्या, मग स्क्रीन काळी, दोन-तीन सेकंदांनी परत आली आणि ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) बंद पडला होता असा मेसेज. ड्रायव्हर पूर्ण काढून नव्याने टाकला, फरक नाही. दुकानदार म्हणाला केबल बदला. बदलली, साडेचारशे गेले. आता म्हणतो कार्डच नवीन घ्या.

शनिवारी अल्बम प्रिंटला द्यायचाय. खरी धास्ती ही की हे ठिपके फाइलमध्ये शिरून छापले गेले तर? माणसं तो अल्बम जन्मभर सांभाळतात हो.

बेंचवरून

ताई, अजून एक रुपयाही काढू नका. ठिपके दिसत असताना प्रिंटस्क्रीन (स्क्रीनशॉट) घ्या आणि ते चित्र मोबाइलवर बघा. तिथेही ठिपके असतील तर बिघाड कार्डात आहे. नसतील तर केबल, पोर्ट किंवा मॉनिटर. केबल विकत घेण्याआधी हे दोन मिनिटांत कळलं असतं, म्हणून वाईट वाटतं.

ड्रायव्हरच्या मेसेजवर जाऊ नका. कार्डाने साधारण दोन सेकंदांत उत्तर दिलं नाही की विंडोज ड्रायव्हर नव्याने सुरू करतं आणि तसं कळवतं. अडकलेलं असतं बहुतेक वेळा कार्ड.

पीसी चालू करताना बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगच्या स्क्रीनवर, जाऊन पाच मिनिटं थांबा. तिथे विंडोजचा ड्रायव्हर नसतोच, त्यामुळे तिथे रेघा आल्या तर ड्रायव्हर निर्दोष. स्क्रीन स्वच्छ दिसली तर मात्र कार्ड ठीक आहे असं समजू नका, कारण तिथे त्याला कामच नसतं.

शूटिंग_कोल्हापूर

फाइलचं मी सांगतो, व्हिडिओत हे भोगलंय. स्क्रीनवर दिसणारं चित्र कार्ड रंगवतं, तिथले ठिपके आपोआप फाइलमध्ये जात नाहीत. पण कॅमेरा रॉ (कॅमेऱ्याच्या मूळ फाइलवरून फोटो तयार करणं), लिक्विफाय (फोटोतले आकार ओढून बदलणं) अशी कामं फोटोशॉप कार्डाकडून करून घेतं, आणि तिथे चूक झाली तर ती फोटोत कायमची बसते. प्रेफरन्सेसमध्ये परफॉर्मन्सला जाऊन 'यूज ग्राफिक्स प्रोसेसर'ची टिक काढा, फोटोशॉप बंद करून उघडा. कॅमेरा रॉला स्वतःची वेगळी टिक असते, तीही काढा. काम हळू होईल, पण सुरक्षित होईल.

शिवाय तुमच्या प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स आहे. कार्ड काढून केबल मदरबोर्डच्या एचडीएमआयला लावा, शनिवारपर्यंत त्यावर निभेल.

अल्बमवाली_सांगली

प्रिंटस्क्रीन मोबाइलवर पाहिला. ठिपके आहेत. बायोस स्वच्छ. कार्डाचं तापमान 86, आणि दोनपैकी एक पंखा फिरतच नाहीये! इतकी वर्षं कॅबिनेटचं झाकण उघडून बघितलं नाही.

नवा_बिल्डर

यूट्यूबवर कार्ड ओव्हनमध्ये भाजतात, जुनी कार्डं त्याने परत चालू होतात म्हणे. किंवा हीटगन मारून बघा.

बेंचवरून

कृपया नको. हीटगन मारलेली कार्डं माझ्याकडे येतात, तेव्हा आजूबाजूचे बारीक कंपोनंटही हललेले असतात. चिप बोर्डाला जोडणारा बिनशिशाचा सोल्डर साधारण 217 अंशांना वितळतो, घरच्या ओव्हनमध्ये त्यावर काहीच ताबा राहत नाही. आठ-पंधरा दिवस चालतं, पुन्हा जातं. शिवाय त्याच ओव्हनमध्ये मग भाकरी भाजायची?

ताई, धूळ काढायला ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो भरमसाट वेगाने फिरून बेअरिंग जातं. बंद पंखा बदला. चिप आणि हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) यांच्यामधली पेस्ट नवी लावा. मेमरी चिपवरचे उष्णता वाहून नेणारे मऊ पॅड बदलायचे तर जाडी जुन्याइतकीच हवी : पातळ असेल तर चिपला टेकत नाही, जाड असेल तर हीटसिंक मुख्य चिपवरून उचलला जातो. 86 हे तापमान मुख्य चिपचं. या पिढीच्या कार्डात मेमरीचं तापमान दिसत नाही, आणि मला संशय मेमरीचाच आहे. आफ्टरबर्नर या कार्डाचा वेग बदलायच्या सॉफ्टवेअरमध्ये मेमरी क्लॉक, म्हणजे मेमरीचा वेग, 400 मेगाहर्ट्झने खाली आणा. ठिपके थांबले तर मेमरीच दमलीय असं समजा.

अल्बमवाली_सांगली

शुक्रवार रात्र. ओळखीच्या दुरुस्तीवाल्याकडे बसून कार्ड खोललं. पेस्ट पाटीवरच्या खडूसारखी झाली होती, बोट लावलं की पावडर. पॅडमधून तेल सुटून कार्डावर चिकट डाग पडलेले. पंखा, पेस्ट, पॅड सगळं नवं. तापमान 69वर आलं, तरी तासाभराने ठिपके आलेच. मग मेमरी 4004वरून 3600वर आणली. त्यानंतर चार तास सलग काम केलं, एकही ठिपका नाही. डोळ्यांत पाणी आलं खरंच.

बेंचवरून

म्हणजे मेमरीच. चिप बदलता येते, पण इतक्या जुन्या कार्डाला तो खर्च परवडत नाही. 3600वर चालवा आणि ठिपके परत दिसले की तसंच काम रेटू नका. अल्बमची फाइल मात्र दुसऱ्या मशीनवर तपासा.

अल्बमवाली_सांगली

तपासली. भावाच्या लॅपटॉपवर चाळीसही पानं शंभर टक्के झूमवर बघितली. सतराव्या पानावर, विहीणबाईंच्या पैठणीच्या काठात नखाएवढा हिरवा चौकोन निघाला. तो फोटो मी त्याच रात्री कॅमेरा रॉमधून काढला होता. मोराच्या नक्षीत इतका मिसळला होता की छापून गेल्यावरच कळलं असतं. मूळ फोटोवरून ते पान पुन्हा केलं, बाकी एकोणचाळीस साफ आहेत. सकाळी दहाला प्रिंटला जातेय.