एका वर्षात नर्स होता येतं का? भाचीच्या निमित्तानं

खानापूरची सिस्टर:
माझी भाची यंदा केमिस्ट्री घेऊन बीएस्सी झाली. आता तिला नर्सिंग करायचंय. भावाच्या डोक्यात दोन गोष्टी बसल्यात. एक म्हणजे अमेरिकेतल्या चुलत भावाचा फोन: 'इकडं कुठलीही पदवी असली की सोळा महिन्यांत नर्स होता येतं.' दुसरी बसस्टँडबाहेर रिक्षाच्या पाठीवर वाचलेली: 'एका वर्षात नर्सिंग, शंभर टक्के नोकरी.' भाऊ म्हणतो, मग पोरीची आणखी चार वर्षं कशाला घालवायची?

मी चौदा वर्षं वॉर्डात काढलीत, म्हणून स्पष्ट लिहिते. आपल्याकडं दुसरी पदवी आहे म्हणून नर्सिंगची वर्षं कमी होत नाहीत. जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, तीन वर्षांचं, बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचं, आठ सेमिस्टरचं. नर्सिंगमधला जवळचा रस्ता एकच. जीएनएम झालं, नोंदणी झाली, की पोस्ट बेसिक बीएस्सी दोन वर्षांत होतं. एका वर्षाच्या कोर्सला रुग्णसेविका म्हणतात. ते काम हलकं नाही, पण नर्सिंग कौन्सिलमध्ये त्यावर नोंदणी होत नाही, आणि नोंदणी नाही तर ती नर्स नाही.

काही वर्षांपूर्वीची एक रात्र सांगते. मी तेव्हा एका खाजगी दवाखान्यात होते. अठरा पेशंट, मी एकटी नोंदणीवाली आणि सोबत एक वर्षाचा कोर्स केलेली मुलगी. दोघींचा युनिफॉर्म सारखाच. कॉट नंबर सातच्या आजींचं पोटॅशियम कमी आलेलं. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं ते तिनं ऐकलं आणि पोटॅशियम क्लोराइडचं अँप्यूल फोडून सिरिंजमध्ये ओढून घेतलं. मी पोचले तेव्हा तिच्या डाव्या हातात आजींच्या शिरेतल्या कॅन्युलाचं, म्हणजे सलाइनच्या सुईचं, टोपण होतं. ते औषध बाटलीत मिसळून, थेंब मोजत, तासातासानं द्यायचं असतं. सरळ शिरेत ढकललं तर हृदय जागच्या जागी थांबतं. मुलगी बिचारी रडायला लागली. तिला ते कुणी शिकवलंच नव्हतं. मला राग आला तो तिला तो युनिफॉर्म घालून उभं करणाऱ्यांचा.

भाचीनं पूर्ण वर्षांचंच करावं, असं माझं ठाम मत आहे.

निपाणीचा बाप:
सिस्टर, तुमचा अनुभव मोठा हाय, खरं तुम्ही पगारदार घरातनं बोलताय. माझी बायको विड्या वळती, मी गाडीवर हमाली करतो. पोरगीनं सहा महिन्यांचा रुग्णसेवेचा कोर्स केला, फी चाळीस हजार. आता तिला महिन्याला साडेनऊ हजार मिळत्यात. तीन वर्षांत तीन लाख बेचाळीस हजार घरात आलं. त्यातनं धाकट्याचं शिक्षण चाललंय. जीएनएमला घातली असती तर तीन वर्षं उलट मीच फी भरत बसलो असतो. गरिबाला वेळ परवडत नाही, हे कुणी लिहीत नाही.

न्यू जर्सीतून, मूळ टिळकवाडी:
फोनवरचा भाऊ खोटं बोलत नाही, पण अर्धंच सांगतोय. माझ्या बायकोनं इथं तोच वेगवान कोर्स केला. इथल्या चार वर्षांच्या नर्सिंग पदवीत भाषा, गणित, समाजशास्त्र असे सर्वसाधारण विषय बरेच असतात. पदवीधराला ते पुन्हा करावे लागत नाहीत, म्हणून बारा ते अठरा महिन्यांत उरकतं. वॉर्डातली हजेरी माफ नसते. अॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, मायक्रोबायॉलॉजी, स्टॅटिस्टिक्स आधीच झालेलं लागतं. आपली तीन वर्षांची बीएस्सी बरीच विद्यापीठं इथल्या पदवीच्या तोडीची धरत नाहीत. बायकोला आधी वर्षभर कम्युनिटी कॉलेजात विषय भरून काढावे लागले. मग सोळा महिने, नुसती फी ७८ हजार डॉलर. त्या काळात नोकरी जमलीच नाही, रात्री बारापर्यंत अभ्यास. शेवटी एनक्लेक्स, म्हणजे इथल्या नर्सच्या परवान्याची परीक्षा.

पण उलट बाजूही सांगतो. २०२३ च्या सरकारी आकड्यानुसार इथल्या रजिस्टर्ड नर्सचा मधला वार्षिक पगार ८६,०७० डॉलर होता. आमचं कर्ज चार वर्षांत फिटलं. ज्याच्याकडं ग्रीन कार्ड आहे त्यानं हा रस्ता जरूर घ्यावा, वेळ वाचणं म्हणजे पैसा वाचणंच आहे. बेळगावातून विद्यार्थी व्हिसावर येणाऱ्या मुलीला मात्र इथलं सरकारी शैक्षणिक कर्ज मिळत नाही. घर गहाण टाकून पाठवू नका. तिथंच बीएस्सी नर्सिंग करून एनक्लेक्स द्या, ते फार स्वस्त पडतं.

शहापूरची अक्का:
मी जीएनएम केलो, मग नोकरी करून पैसे साठवलो आणि पोस्ट बेसिक केलो. सरळ बीएस्सीला चार वर्षं, मला शिक्षणाची पाच लागली, खरं मधे पगार खाल्लो की. आमच्या बाबांना एकदम चार वर्षांची फी झेपली नसती. निपाणीच्या भाऊंना एवढंच सांगतो, पोरगीचं साडेनऊ हजार दहा वर्षांनी पण बारा-तेराच्या पुढं जात नाही. माझ्या वॉर्डातल्या मावश्यांचं बघतो की मी रोज.

चिकोडीचा मुलगा:
सगळे पगाराबद्दल बोलताय, पण नोंदणीवाल्यांनाही आपल्याकडं काय मिळतं? मी बीएस्सी नर्सिंग झालो, पहिला पगार बारा हजार. चार वर्षांची फी वर्षाला सव्वा लाख, म्हणजे पाच लाख. त्या चार वर्षांत कुठंही बारा हजारांवर राबलो असतो तर पावणेसहा लाख मिळाले असते. म्हणजे पावणेअकरा लाखांचा खड्डा घेऊन मी वॉर्डात उभा राहिलो. सुप्रीम कोर्टाच्या २०१६ च्या आदेशानंतर केंद्रानं नेमलेल्या समितीनं पन्नास खाटांपेक्षा लहान खाजगी दवाखान्यातही किमान वीस हजार द्यावेत असं सुचवलं होतं. आमच्या भागात ते देणारा मला भेटला नाही. सिस्टरांनी भाचीला ही बाजूही सांगावी.

खानापूरची सिस्टर:
सांगते, आणि तुझा खड्डा खोटा म्हणत नाही. माझा पहिला पगार तर साडेचार हजार होता. पण खाजगीतल्या पहिल्या पगारावर नोंदणीचा हिशोब मांडू नकोस. एम्सची नॉरसेट, म्हणजे तिथल्या नर्सिंग ऑफिसरच्या भरतीची परीक्षा दे. बीएस्सी नर्सिंगवाल्याला ती सरळ देता येते, जीएनएमवाल्याला पन्नास खाटांच्या दवाखान्यातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. तिथं मूळ वेतनच ४४,९०० आहे आणि कन्नडची अट नाही. आपल्या मराठी पोरांचं कर्नाटक राज्याच्या भरतीत घोडं अडतं ते कन्नडवर. शाळेत कन्नड घेतलेलं नसेल तर परीक्षा द्यावी लागते. त्यात लाज कसली, पेशंट कन्नड बोलतो तर सिस्टरला यायलाच हवं, मी वॉर्डातच शिकले. शिवाय सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी उमेदवाराला पंधरा वर्षांच्या रहिवासाच्या दाखल्यावर महाराष्ट्राच्या सरकारी भरतीतही अर्ज करता येतो. त्यासाठी महाराष्ट्र कौन्सिलची नोंदणी वेगळी करून घ्यायची. यातलं एकही दार वर्षाच्या सर्टिफिकेटवर उघडत नाही.

निपाणीच्या भाऊ, तुमच्या घराचा हिशोब मी चुकीचा म्हणणार नाही. मुलीनं घर चालवलंय. माझं भांडण 'नर्सिंग' म्हणून कोर्स विकणाऱ्यांशी आहे.

चिकोडीचा मुलगा:
नॉरसेट दोनदा दिलीय, पहिला टप्पा निघाला, मुख्य परीक्षेत नापास झालो. तिसऱ्यांदा देणार आहे. पण दर पोराला एम्स मिळणार नाही सिस्टर. जे इथंच राहणार त्यांचे बारा हजार बारा हजारच राहतात. म्हणून माझं मत, सरकारी सीट मिळाली तर बीएस्सी करा, सव्वा लाख भरून खाजगीत करू नका. त्यापेक्षा अक्कांसारखं जीएनएम करून पुढं जा.

शहापूरची अक्का:
हे मात्र पटलं. आणि प्रवेश घ्यायच्या आधी कॉलेजचं नाव इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या यादीत बघून घ्या बाबांनो. माझ्या मावशीच्या पोरीचं एक वर्ष असंच गेलं.

निपाणीचा बाप:
आज पोरगीचं सर्टिफिकेट काढून बघितलं. नोंदणी क्रमांक असं कुठंच नाही. मला इतके दिवस वाटत होतं की ती नर्स हाय, गल्लीत पण तसंच सांगितलंय. सिस्टर, तिची नोकरी मी सोडू देणार नाही, ते आत्ता जमणारच नाही. खरं एवढं सांगा, ती चोवीस वर्षांची हाय, बारावीला आर्ट्स, ५२ टक्के. जीएनएमला घेत्यात का?

खानापूरची सिस्टर:
घेतात. आर्ट्स चालतं, बारावीला ४० टक्के आणि इंग्रजी विषय पास लागतो. वयाची मर्यादा पस्तीस आहे, अजून अकरा वर्षं आहेत. धाकट्याचं शिक्षण कधी संपतंय ते कळवा, मग फीचं बघू.