ओसीडीसाठी आपला आपण करायचा ऑनलाइन कोर्स : कुणी पूर्ण केलाय का? (बेळगाव भाग)

अनगोळची_शिकवणी

नमस्कार. मी बेळगावात अनगोळला राहते, घरीच पाचवी-सहावीच्या मुलांच्या शिकवण्या घेते. ओसीडीचं, म्हणजे नको तो विचार परत परत येऊन तीच कृती परत परत करावीशी वाटते त्या आजाराचं, निदान झालंय, सर्ट्रालिनची गोळी सुरू आहे. डॉक्टर म्हणाले, गोळीबरोबर ईआरपी थेरपी पाहिजे. म्हणजे ज्याची भीती वाटते त्याला मुद्दाम सामोरं जायचं आणि नंतर धुणं, तपासणं, विचारणं करायचं नाही. ती नीट करून घेणारं कुणी मला जवळपास मिळालं नाही. धारवाडला जाता येईल, बायकांना बसचं तिकीटही लागत नाही, पण जाऊन-येऊन सगळा दिवस मोडतो. दर आठवड्याला शिकवणी बुडवली तर पालक मुलं दुसरीकडे घालतील. म्हणून एक ऑनलाइन कोर्स घेतलाय. धडे आपणच वाचायचे, सराव आपणच करायचा, पलीकडे माणूस कुणी नाही.

माझा त्रास भाजीवर मारलेल्या औषधाचा. कोथिंबिरीची जुडी धुतली की ज्या हातानं नळ सोडला तो नळ धुवायचा, मग नळावर ओतलेला तांब्या, मग परत हात. तोवर जुडी ओट्यावर टेकलेली असते, म्हणून ओटा. आमच्या गल्लीत रोज पाणी येत नाही. आलं की पिंपं भरायची आणि पुढचं पाणी येईपर्यंत पुरवायची. माझ्यामुळं पुरत नाहीत. सासूबाई मला शब्दानं बोलत नाहीत, स्वतःच्या आंघोळीला अर्धीच बादली घेतात. ते मला बघवत नाही.

कोर्समध्ये तिसऱ्या धड्यावर अडकलेय. एखादी ओळ नीट कळली नाही असं वाटलं की धडा परत पहिल्यापासून वाचते. इंग्रजी आहे म्हणून असेल. असा कोर्स करून खरंच कुणाला फरक पडलाय का? आणि एक विचारते, कोथिंबीर घरातल्या बाकीच्यांसारखी धुतली तर माझ्या मुलीला काही होणार नाही ना?

निपाणी_स्टेशनरी

अक्का, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मी देणार नाही. राग मानू नका. मी "काही होत नाही" म्हटलं तर तुम्हाला आजची रात्र बरं वाटेल आणि उद्या सकाळी परत कुणाला तरी विचारावं लागेल. हे मला माझ्या बायकोनं शिकवलं.

माझं दुकान आहे निपाणीत. त्रास शटरच्या कुलपाचा. ओढून बघायचं, चार पावलं जायचं, परत यायचं, परत ओढायचं. मग युक्ती काढली, कुलपाचा फोटो काढून घरी जायचं. मग फोटो बघत बसायचो. जेवताना बघायचो. फोटो कालचा तर नाही ना म्हणून तारीख बघायचो. डॉक्टर कोल्हापूरचे, आम्हाला तेच जवळ. त्यांनी गोळी दिली आणि तुमच्यासारखाच कोर्स करायला सांगितला.

फरक पडतो की. पण वाचून पडत नाही. मी कोर्सचं निम्मं वाचून झाल्यावर सुद्धा रात्री परत दुकानावर जात होतो. फरक पडायला लागला तो पहिल्यांदा फोटो न काढता घरी आलो त्या दिवसापासून. पोटात गोळा, घाम, जेवण जाईना. वहीत आकडा लिहायचा होता, शून्य ते शंभर, किती बेचैनी. मी पंचाऐंशी लिहिला. बायको समोर बसली होती. मी म्हटलं, "लावलंय ना गं?" ती म्हणाली, "असेल, नसेल. भाकरी खावा." त्या वेळी मला तिचा फार राग आला होता. झोपायच्या वेळी वहीत चाळीस लिहिला. दुकान उघडं राहिलंय की नाही हे मला तेव्हाही माहीत नव्हतं, आणि तसंच झोपलो. तेवढं जमलं पाहिजे. शंभर टक्के खात्री झाल्यावर सोडीन म्हटलं तर ती कधीच होत नाही.

आणि तुमचं परत परत वाचणं इंग्रजीमुळं नाही असं मला वाटतं. मी मराठीतले कागद पण तसेच वाचायचो. ते धुण्यासारखंच आहे, त्यालाही सराव लावा. एक धडा, एकदा, न कळलेली ओळ तशीच सोडून पुढं.

खानापूरची_सिस्टर

मी मनोविकार विभागात नर्स आहे, माहेर खानापूर तालुक्यातलं. कोर्सबद्दल विचारलंय म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

ईआरपी ही पद्धत जुनी आहे. लंडनमध्ये व्हिक्टर मेयर या मानसशास्त्रज्ञानं 1966 मध्ये पहिल्यांदा मांडली. माणसाशिवाय ती करता येते का हेही लोकांनी बरंच तपासलंय. इंटरनेट घरोघरी येण्याआधी फोनवर बटणं दाबून सूचना ऐकायच्या आणि सोबतच्या पुस्तकातून सराव करायचा, अशी एक व्यवस्था होती. 2002 मध्ये तिची 218 रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. थेरपिस्टबरोबर केलेले सगळ्यांत जास्त सुधारले, फोन-यंत्रावर केलेले त्यांच्या मागं, पण नुसता शिथिलीकरणाचा व्यायाम करणाऱ्यांपेक्षा बरेच पुढं. स्वीडनमध्ये 2012 च्या अभ्यासात दहा आठवड्यांच्या ऑनलाइन उपचारानं साधारण 60 टक्के लोकांत ठळक सुधारणा दिसली, मात्र तिथं थेरपिस्ट मेसेजवर मार्गदर्शन करत होता.

तुमच्या कामाची गोष्ट वेगळीच आहे. 2005 च्या एका अभ्यासात सगळ्यांना तोच स्व-मदतीचा कार्यक्रम दिला. निम्म्यांना सांगितलं, अडलात तर फोन करा. निम्म्यांना ठरलेल्या वेळी इकडून फोन गेला, अगदी थोडा वेळ. ठरलेला फोन येणाऱ्यांनी कार्यक्रम जास्त टिकवला आणि ते जास्त सुधारले. अडलेला माणूस स्वतःहून फोन करत नाही, हे मी वॉर्डात रोज बघते. त्यामुळं कोर्स सोडू नका, पण त्याला एक माणूस जोडा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर फुकट आहे, मराठी किंवा कन्नड दोन्हींत बोला, त्यांना ईआरपीसाठी कुठं जायचं ते विचारा. धारवाडच्या डिमहान्सला, म्हणजे तिथल्या सरकारी मनोविकार संस्थेत, दर आठवड्याला नका जाऊ, एकदा जाऊन सरावाचा आराखडा करून घ्या आणि पुढचं फोनवर होईल का ते तिथंच विचारा.

सुधारणा मोजायला वाय-बॉक्स नावाची दहा प्रश्नांची मोजपट्टी असते, गुण शून्य ते चाळीस. डॉक्टरांकडून आत्ता एकदा भरून घ्या आणि कोर्स संपल्यावर परत. रोज भरू नका, तेही तपासणंच होतं.

गोळी स्वतःच्या मनानं कमी करायची नाही. ओसीडीत डोस बऱ्याचदा नैराश्यापेक्षा जास्त लागतो आणि गुण यायला दहा-बारा आठवडे जाऊ शकतात. जीव नकोसा वाटायला लागला, खाणंच कमी झालं, तर ऑनलाइन कोर्सवर विसंबून राहायचं नाही, सरळ डॉक्टर गाठायचा.

अनगोळची_शिकवणी

दोघांचे आभार. निपाणीच्या दादांचं वाचून आधी रडू आलं, मग जरा रागही आला, कारण मी इथं तेच विचारत होते.

सासूबाईंना सांगायचं कसं? मी दहादा "धुतलं ना मी?" म्हणून विचारते आणि त्या दहाही वेळा "धुतलंस गं बाई" म्हणतात. त्यांना वाटतं हीच माया. उद्यापासून उत्तर देऊ नका म्हटलं तर मनाला लावून घेतील.

सरावाच्या पायऱ्या लिहून काढल्यात, पुढं बेचैनीचा आकडा. सासूबाईंनी धुतलेली कोथिंबीर हातात धरून नळाला हात लावणं, वीस. मी स्वतः त्यांच्याएवढीच धुऊन आमटीत घालणं, साठ. तीच मुलीच्या डब्यात, पंच्याण्णव.

खानापूरची_सिस्टर

त्यांना बेचैनीची वेळ सोडून सांगा, दुपारी निवांत असताना. एकदम बंद नको. त्यांनी म्हणायचं वाक्य दोघींनी मिळून ठरवा. "तुला अवघड जातंय ते दिसतंय मला, पण याचं उत्तर द्यायचं नाही असं आपलं ठरलंय." जवळ बसू देत, पाठीवरून हात फिरवू देत. उत्तर तेवढं नको. त्या अर्धी बादली घेतात तेही थांबवा. तुमच्या धुण्याला पाणी पुरवण्यासाठीच ते चाललंय.

निपाणी_स्टेशनरी

किती धुवायचं ते ओट्याशी उभं राहून ठरवू नका, तिथं डोकं फसवतं. आदल्या रात्री ठरवा. सासूबाई जेवढं पाणी घेतात तेवढंच, त्याच पातेल्यात. वीसची पायरी रोज करा, कंटाळा येईपर्यंत. आणि हात लावल्यावर "मी कोर्स म्हणून केलंय, म्हणून चालेल" असं मनात म्हणू नका. मी तसं म्हणायचो आणि आकडा खालीच येईना. कोर्समध्ये ते लिहिलेलं नव्हतं, डॉक्टरांनी पकडलं.

शनिवारी दुकान बंद केल्यावर रात्री नऊनंतर मी इथं बघतो. पायरी केली का, एवढंच विचारीन. हात किती वेळा धुतले, भाजीला वास येत होता का, हे मला सांगू नका, वहीत लिहा.