टायमिंग बेल्ट पार्किंगमध्ये बदलणं: शहाणपणा की आगाऊपणा?

धायरीकर

माझी सँट्रो झिंग २००८ ची. पंधरा वर्षं भरली तेव्हा, २०२३ मध्ये, पाच हजार फी भरून तिचं परत पासिंग करून घेतलं. म्हणजे २०२८ पर्यंत ती दारात राहणार हे नक्की. टायमिंग बेल्ट, म्हणजे क्रँक (पिस्टनच्या जोराने फिरणारा दांडा) आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) यांना एका तालात फिरवणारा दातेरी रबरी पट्टा, कधी बदलला याची मागच्या मालकाकडे काहीच नोंद नाही. जवळच्या दोन गॅरेजांत विचारलं. दोघांनी बेल्टचा भाव लगेच सांगितला. बेल्ट ताणून धरणारा टेन्शनरही बदलणार का, असं विचारल्यावर एक म्हणाला, "चालतोय तोवर कशाला हात लावायचा साहेब?" दुसऱ्याने गाडी सोडून जायला सांगितलं, समोर थांबलेलं चालणार नाही म्हणे.

माझं मत असं: ज्याच्याकडे बरे पाने आहेत, मोकळा रविवार आहे आणि अंगात घाई नाही, त्याने हे काम घरीच करावं. यात गूढ काही नाही. बॅटरीची निगेटिव्ह सोडायची, ड्रायव्हरच्या बाजूचं पुढचं चाक आणि आतलं प्लास्टिक काढायचं, अल्टरनेटर-एसीचे पट्टे उतरवायचे. ऑइल चेंबरखाली लाकडी फळी ठेवून जॅकने इंजिनला आधार द्यायचा आणि मगच त्या बाजूचं माउंटिंग सोडायचं. पहिल्या सिलिंडरचा पिस्टन कॉम्प्रेशनला अगदी वर (टॉपवर) आणला की क्रँकची आणि कॅमची खूण आपापल्या जागी येते. तिथे व्हाइटनरचे ठिपके द्यायचे, मोबाइलवर फोटो काढायचे आणि मग जुना बेल्ट काढायचा.

नवा टेन्शनर, नवा बेल्ट बसवला की खरी गोष्ट पुढे आहे. क्रँक पान्याने, हाताने, इंजिन फिरतं त्याच दिशेला पूर्ण दोन फेरे फिरवायचा. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमचा एक होतो, म्हणून दोन. खुणा परत जुळल्या तर काम बरोबर. नाही जुळल्या तर बेल्ट काढा आणि पुन्हा बसवा. स्टार्टर मारेपर्यंत काहीही बिघडलेलं नसतं. गॅरेजवाला हे दोन फेरे फिरवतो का नाही, हे गाडी सोडून गेलेल्या माणसाला कसं कळणार?

चिंचवडचा फिटर

साहेब, मी याच कामावर घर चालवतो, तेव्हा माझं बोलणं कडू लागलं तर लागू द्या. तुम्ही सगळं सांगितलंत, फक्त क्रँक पुलीच्या बोल्टाबद्दल अवाक्षर नाही. घरी काम करणाऱ्याची गाडी तिथेच अडते. आम्ही एअर गनने तो दोन सेकंदांत सोडतो. तुम्ही गोटी (सॉकेट) लावून जोर देणार, तेवढ्यात क्रँकच फिरणार. मग कोणीतरी इंटरनेटवरचा शहाणा सांगणार की टॉमी (पान्याचा लांब दांडा) चेसीला टेकवा आणि स्टार्टर मारा, बोल्ट सुटतो. कधी बोल्ट सुटतो, कधी टॉमी सुटते.

दुसरं. या इंजिनात उघडा व्हॉल्व्ह आणि वर आलेला पिस्टन एकाच जागेसाठी भांडतात. बेल्ट तुटला की कॅम थांबतो, काही व्हॉल्व्ह उघडे राहतात, आणि पिस्टन मात्र येतच राहतो. साध्या आयडलवरसुद्धा तो सेकंदाला तेरा वेळा वर येतो. व्हॉल्व्ह वाकले की हेड उतरवा. बेल्टच्या मजुरीत वाचवलेले पैसे तिथे कुठल्या कुठे जातात.

आणि एक दाता चुकला तर लगेच कळतं असं समजू नका. गाडी चालू होते! पिकअप जरा कमी, अॅव्हरेज जरा पडलेलं. माणूस पेट्रोल पंपवाल्याला शिव्या घालत महिनेच्या महिने फिरतो.

धायरीकर

फिटरभाऊ, बोल्टाचा मुद्दा मान्य. चाक काढायच्या आधी, चारही चाकं जमिनीवर असतानाच, गाडी पाचव्या गिअरला टाकायची, एकाने आत बसून ब्रेक घट्ट दाबायचा आणि दुसऱ्याने लांब पाइप लावून बोल्ट फक्त ढिला करायचा. स्टार्टरची युक्ती मीही कोणाला सांगणार नाही.

पण एका दात्याचं उदाहरण तुम्ही माझ्याच बाजूने दिलंत. तो दाता दोन फेरे फिरवल्यावर खुणांत दिसतोच. महिनेच्या महिने तसाच फिरणारा माणूस गाडी घरी उघडणारा नसतो. दुसऱ्याच्या भरवशावर सोडून आलेला असतो.

पेन्शनर कोथरूड

अहो धायरीकर, उत्साह दांडगा आहे, पण वजाबाकी करा. टॉर्क पाना (बोल्ट नेमक्या जोराने आवळायचा), गाडी टेकवायच्या दोन घोड्या, पुली ओढायचा पुलर, हे सगळं एका बेल्टसाठी विकत घेणार? पुढचा बेल्ट येईपर्यंत गाडी भंगारात गेलेली असेल. जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी हत्यारं स्वस्त मिळतात हे खरं, पण तिथला टॉर्क पाना किती खरं बोलतो हे तोच जाणे.

माझी गाडी वर्षाला जेमतेम तीन हजार कि.मी. चालते. मंडई, बँक, आणि महिन्यातून एकदा सासवड. बेल्ट बदलायचे साठ हजार व्हायला मला दुसरा जन्म लागेल. मी हा बेल्ट का बदलू?

चिंचवडचा फिटर

काका, तुमच्याच गाडीचा आधी बदला. बेल्ट रबराचा आहे, रबर वयाने पण जातं. मीटर बघू नका, गाडीची पुस्तिका बघा. बहुतेक ठिकाणी कि.मी.बरोबर वर्षंही दिलेली असतात, जे आधी होईल ते. आणि पुण्यात मीटर खोटंच बोलतं म्हणा ना. कात्रज चौकात अर्धा तास अडकलात तर मीटर हलत नाही, पण तेवढ्यात क्रँकचे चोवीस हजार फेरे झालेले असतात. बेल्ट तेवढा झिजलाच.

वरून बघून बेल्ट चांगला दिसतो यावरही जाऊ नका. तडे दिसले तर गेलाच, पण न दिसता दात्यांच्या मुळाशी फाटतो. कॅमचा किंवा क्रँकचा ऑइल सील गळत असेल तर तेल पिऊन नवा कोरा बेल्टही मऊ पडतो. म्हणून आम्ही कव्हर उघडलं की आधी बोट फिरवून बघतो, तेल लागतंय का. घरी बेल्ट बदलणारा बेल्टच बघतो हो, आजूबाजूला कोण बघतं?

मंजिरी_सहकारनगर

मी धायरीकरांच्या बाजूने, थोडी अट घालून.

बाबांच्या जुन्या झेनचा बेल्ट आम्ही दोघांनी सोसायटीच्या पार्किंगमध्ये बदलला. एकटी गॅरेजमध्ये गेले की समोरचा माझ्याशी न बोलता माझ्या मागे कोण पुरुष उभा आहे ते शोधतो, त्याचा कंटाळा आला होता. काम जमलं. फिटरदादा, सीलवर बोटही फिरवलं होतं.

पण दोन गोष्टींवर या धाग्यात कोणी नीट बोललंच नाही. एक, डिकीतला स्क्रू जॅक टायर बदलायला असतो, त्याच्या भरवशावर गाडीखाली डोकं घालायचं नाही. घोड्या हव्यात, मागच्या चाकांना ओंडके हवेत आणि खाली काँक्रीट हवं. आमच्या पार्किंगमधले पेव्हर ब्लॉक घोडीखाली खचायला लागले तेव्हा गाडी उचलून दुसरीकडे न्यावी लागली. दुसरी गोष्ट कूलंटची. ज्या गाड्यांत वॉटर पंप टायमिंग बेल्टवरच फिरतो त्यांत तो पंप त्याच वेळी बदलणं शहाणपणाचं, नाहीतर पुढे त्याच्यासाठी सगळं परत उघडा. पण पंप काढला की कूलंट सांडतं. ते चवीला गोड असतं आणि विषारी असतं. सोसायटीतली कुत्री चाटतात. परात ठेवा, सांडलेलं लगेच पुसून धुऊन काढा, आणि जुनं ड्रेनेजमध्ये ओतू नका. डागांवरून चेअरमनची नोटीस आली तर ती सोसता येते, कुत्र्याचं काही झालं तर नाही.

वॅगनार२०१२

मध्येच विचारतो, माफ करा. माझी २०१२ ची वॅगनार, एक लाख झाले. मला बेल्टचं काय?

इंडिकावाला

वॅगनारराव, तुमच्या के सिरीज इंजिनात बेल्टऐवजी चेन आहे. ऑइल वेळेवर बदला आणि निवांत झोपा.

आता मूळ मुद्दा. मी डिझेल इंडिका चालवतो, आपल्याच पिंपरीत बनलेली, आणि तिला टायमिंग बेल्ट आहे. डिझेलमध्ये पिस्टन आणि हेड यांच्यात जागा ती किती? बेल्ट गेला तर चर्चाच नको. वर, त्यात इंजेक्शन पंपाचंही टायमिंग त्याच बेल्टवर. सँट्रोचा अनुभव घेऊन कोणी डिझेल उघडायला जाऊ नये, एवढं तरी मोठ्या अक्षरात लिहा.

मला वाटतं तुम्ही दोघं चुकीच्या जागी भांडताय. सामान आपण आणायचं आणि हात मेकॅनिकचा. नाना पेठेत सकाळी गर्दी नसताना जा, पक्कं बिल मागा. बिल द्यायला का-कू करणाऱ्याकडे खोका कितीही चकचकीत असो, निघून या. बेल्टवरचा पार्ट नंबर जुन्याशी ताडून बघा, दाते मोजून बघा, छपाई बोटाने पुसली जाते का बघा. दुकानदाराने बेल्ट घडी घालून किंवा उलटा पिळून ठेवला असेल तर घेऊ नका, आतल्या दोऱ्या तुटतात. टेन्शनर आणि आयडलर (बेल्टला वाट देणारी चकती) त्याच दुकानातून. मग जो मेकॅनिक समोर उभं राहू देतो त्याच्याकडेच गाडी न्या. जो नाही म्हणतो त्याला नमस्कार. आणि जुना टेन्शनर घरी घेऊन या, म्हणजे बदलला याचा पुरावा.

धायरीकर

इंडिकावाले, डिझेलबद्दल शंभर टक्के सहमत, ते मी मुळातच लिहायला हवं होतं. पण तुमच्या तोडग्यात एक अडचण आहे: बाहेरून सामान आणलं तर अर्धी गॅरेजं गाडीच घेत नाहीत. त्यांचा नफा सामानात असतो.

चिंचवडचा फिटर

असतो, लपवायचं काय? मजुरी तुम्ही रुपयाला रुपया घासून देता, मग माणूस सामानावर कमावणार. तुम्ही आणलेला बेल्ट दहा दिवसांत आवाज करायला लागला तर माझ्याच दारात येऊन भांडणार ना? मी बाहेरचं सामान बसवतो, पण मजुरी जास्त घेतो आणि वॉरंटी देत नाही. तोंडावर सांगतो.

पेन्शनर कोथरूड

हे बरं केलंत, निदान कोणीतरी खरं बोललं. बेल्ट बदलतो. तुमच्याकडेच आणतो, सामान तुमचंच घाला, पण मी स्टूल टाकून समोर बसणार.

चिंचवडचा फिटर

बसा काका, चहा पण घ्या.

धायरीकर, तुम्ही ऐकणार नाही हे दिसतंय, तेव्हा करा. फक्त हाताने फिरवताना मध्येच क्रँक अडला तर जोर लावू नका. व्हॉल्व्ह टेकलाय असं समजा, मागे घ्या, खुणा बघा. टेन्शनर तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये दिलाय तसाच सेट करायचा, अंदाजाने ताणू नका. फार ताणला तर बेअरिंग रडतं. पुलीचा बोल्ट टॉर्क पान्यानेच. आणि नाही जमलं तर अर्धी उघडलेली गाडी ढकलत आणू नका, आहे तिथे सोडा आणि फोन करा, मी येतो. गुरुवार सोडून, गुरुवारी आमचं बंद असतं.