१९७८ ची पद्मिनी घाटात बंद पडते, इंजिन बदलू का?

कृष्णाकाठ (सांगली)

नमस्कार मंडळी. आमच्या घरी १९७८ ची प्रीमियर पद्मिनी आहे. आजोबांनी कोरी घेतलेली, पिस्ता रंगाची, गिअर स्टिअरिंगजवळच्या दांडीवर. आजोबा गेल्यावर बरीच वर्षं ती शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी होती. गेल्या दिवाळीत सुरू करून घेतली. बॅटरी, प्लग, पॉइंट नवे टाकले, टाकी उतरवून धुतली, चारी चाकांच्या ब्रेक सिलिंडरचे रबर बदलले. फिटनेस झालंय, विमा आहे. गावात झकास चालते.

अडचण आहे घाटाची. चिपळूणला गेलो होतो. जाताना कुंभार्ली उतरलो तेव्हा काहीच त्रास नाही. परत येताना निम्म्या चढावर काटा लाल पट्ट्याकडे सरकला, इंजिन अडखळायला लागलं आणि बंद. बॉनेट उघडून अर्धा तास थांबलो, एका सेल्फमध्ये सुरू झाली. वर पोचायच्या आत पुन्हा तेच. कोयनानगर ओलांडल्यावर मात्र सांगलीपर्यंत एकदाही कुरकुर नाही.

गॅरेजवाला म्हणतो, जुन्या इंजिनाचा नाद सोडा, प्रीमियरच्याच ११८ एनई गाडीचं इंजिन आणि खाली गिअर असलेला बॉक्स बसवून देतो, पुढे डिस्क ब्रेकही टाकू. वडील म्हणतात विकून टाक. मला मे महिन्यात आजीला घेऊन याच गाडीने गुहागरला जायचंय. तिचं माहेर तिकडचं. जाणकारांनी सांगावं, इंजिन बदलणं हाच इलाज आहे का?

---

टॉपगिअर_नाशिक

रेडिएटरपुढे इलेक्ट्रिक पंखा आणि टाकीजवळ इलेक्ट्रिक पेट्रोल पंप बसव. दोन्ही बाजारात सहज मिळतात. माझ्या मित्राच्या अँबॅसिडरला बसवलेत, छान चालतात.

---

उद्यमनगर (कोल्हापूर)

भावा, इंजिनाला हात लावू देऊ नकोस. थोडं सविस्तर लिहितो, कारण अशी चांगली गाडी घाईत बिघडवलेली मला बघवत नाही. आमचं इंजिन रिबोअरिंग आणि क्रँक ग्राइंडिंगचं वर्कशॉप होतं. फियाटचे ब्लॉक आमच्याकडे सांगली, इचलकरंजी, निपाणीपासून यायचे. त्यामुळे हे इंजिन मला आतून माहीत आहे.

१०८९ सीसी, चार सिलिंडर, बोअर (सिलिंडरचा व्यास) ६८ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७५ मिमी. इटलीत १९५३ साली जी फियाट ११०० आली, तिच्याच घराण्यातलं. आपल्याकडे कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात १९६४ पासून ११०० डिलाइट बनायला लागली, मध्ये तिचं नाव प्रेसिडेंट झालं आणि १९७४ पासून पद्मिनी. म्हणजे हीच गाडी माणसं भरून, टपावर ट्रंका बांधून खंडाळा, कसारा, आंबा, फोंडा असे सगळे घाट चढलेली आहे. शोलावरमच्या धावपट्टीवर शर्यती व्हायच्या तेव्हा तिथेही फियाट पळायच्या, दिवसभर, मद्रासच्या उन्हात. चढावर तापणं हा तिचा स्वभाव नाही. तापते म्हणजे काहीतरी तुंबलंय, नाहीतर चुकीचं बसलंय.

तुझ्या लिहिण्यात दोन वेगळे आजार आहेत आणि गॅरेजवाल्याने त्यांची एकच मोट बांधलीय. काटा वर जाणं हा एक. इंजिन बंद पडून अर्ध्या तासाने सुरू होणं हा दुसरा. पाणी तापलं म्हणून पेट्रोल इंजिन असं अडखळून बंद पडत नाही. बंद पडतं ते पेट्रोल पोचलं नाही म्हणून, नाहीतर ठिणगी गेली म्हणून. तापल्यामुळे यातलं एक घडतं, एवढाच दोघांचा संबंध.

आधी पाणी. बरीच वर्षं उभी गाडी आणि त्यात तुमच्याकडचं बोअरचं क्षाराचं पाणी. रेडिएटरच्या नळ्या नक्की तुंबल्या असणार. गाडी चांगली तापू दे, इंजिन बंद कर, पंखा पूर्ण थांबल्यावर रेडिएटरच्या जाळीवर पुढच्या बाजूने तळहात जवळ धरून सावकाश फिरव. जिथे हाताला गार लागतं तिथल्या नळ्या बंद आहेत. जुना रेडिएटर पितळ-तांब्याचा आहे, ते तुझं नशीब. वरची टाकी डाग (सोल्डर) सोडवून काढतात, नळ्यांमधून सळई फिरवतात, पुन्हा डाग देतात. हे करणारा माणूस मिरजेत नाहीतर सांगलीत सापडेलच. केमिकल ओतून धुणाऱ्याकडे जाऊ नकोस, त्याने वरवरचा गाळ जातो, बंद नळी उघडत नाही.

रेडिएटर बाहेर असताना ब्लॉकही साफ कर. बाजूच्या गोल पत्र्याच्या टोप्या (कोअर प्लग) काढ आणि आत बघ. आमच्याकडे आलेल्या फियाटच्या ब्लॉकमध्ये चौथ्या सिलिंडरमागे लाल चिखल हमखास घट्ट बसलेला असायचा. तो तारेने खरवडूनच निघतो. ही जागा बहुतेक मेकॅनिक सोडून देतात, आणि मग नवा रेडिएटर टाकूनही गाडी तापतेच.

थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह (पाणी तापलं की रेडिएटरकडची वाट उघडणारा) जागेवर आहे का तेही बघ. "काढून टाकला की गाडी थंड राहते" असं म्हणून निम्म्या गाड्यांमधून तो गेलेला असतो. त्याने तुंबलेली नळी काही मोकळी होत नाही, उलट सपाटीवर इंजिन थंड राहून पेट्रोल जास्त खातं. असला तर पातेल्यात पाणी उकळत ठेवून त्यात टाक आणि उघडतो का ते डोळ्यांनी बघ. रेडिएटरच्या झाकणाचं रबर कडक झालं असेल तर झाकण बदल. फॅन बेल्टला बोटाने दाबून बघ, सैल असेल तर चढावर घसरतो. शेवटी टायमिंग. ठिणगी उशिरा पडत असेल तर इंजिनाची ताकद जाते आणि उष्णता पाण्यात उतरते. पॉइंट नवे टाकलेत म्हणतोस, पण त्यानंतर टायमिंग कुणी लावलं का?

आता दुसरा आजार. पुढच्या वेळी बंद पडली की नुसता थांबू नकोस, पहिल्या दोन मिनिटांत दोन गोष्टी बघ. एक, एअर क्लीनरचं झाकण काढून कार्बोरेटरच्या तोंडात बघत अ‍ॅक्सिलरेटरची कडी हाताने ओढ. तुझ्या सोलेक्स कार्बोरेटरमध्ये पेट्रोलची बारीक पिचकारी दिसली पाहिजे. नाही दिसली तर कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोल नाही, म्हणजे पंपात किंवा पाइपात पेट्रोलची वाफ झाली. दोन, झाकण परत लावून, पेट्रोलपासून लांब, प्लगची एक वायर काढून इंजिनाच्या लोखंडाजवळ रबरी मुठीच्या पक्कडने धर आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांग. ठिणगी निळी, टणत्कार करणारी हवी. पिवळी, मरगळलेली असेल तर कंडेन्सर किंवा कॉइल तापल्यावर दगा देतेय. कंडेन्सर थंडीत उत्तम आणि तापल्यावर मेलेला, हा प्रकार फार बघितलाय. किमतीला किरकोळ वस्तू, पण तिच्यापायी लोकांनी इंजिनं उतरवलीत.

आणि पेट्रोलविषयी. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. १९७८ चे रबरी पाइप आणि पंपाचा पडदा त्यासाठी बनलेले नाहीत. फुगतात, मऊ होतात, आतून सुटलेले कण जेटमध्ये (कार्बोरेटरमधलं पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक) अडकतात. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचा प्रत्येक रबरी तुकडा इथेनॉल चालणारा घे. शिवाय इथेनॉलला हवा कमी लागते, त्यामुळे जुन्या जेटवर मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, इंधन कमी), आणि पातळ मिश्रणाने इंजिन तापतं. चढावरून आल्या आल्या प्लग काढून रंग बघ. फिकट विटकरी असेल तर उत्तम. पांढरा फटक असेल तर मुख्य जेट एक नंबर मोठं टाकून घे.

नाशिककरांनी सुचवलेला इलेक्ट्रिक पंप मी तरी लगेच बसवणार नाही. त्याने आजार झाकला जातो. आणि अपघातात इंजिन थांबलं तरी तो पेट्रोल ढकलत राहू शकतो, त्यासाठी वेगळा कट-ऑफ लावावा लागतो.

---

काळीपिवळी (डोंबिवली)

उद्यमनगर काकांशी शंभर टक्के सहमत. माझ्या वडिलांची टॅक्सी पद्मिनीच होती, आधी पेट्रोलवर, मग सीएनजीवर. दादर ते विमानतळ दिवसभर, मे महिन्याच्या ट्रॅफिकमध्ये. गाडी तापायला लागली की वडील इंजिनाजवळच्या पेट्रोलच्या पंपावर ओला फडका टाकायचे आणि पाच मिनिटांत पुढे. तो फडका कायम डॅशबोर्डखाली असायचा. तू पण एक ठेव. घाटात बंद पडल्यावर ओला फडका टाकून लगेच सुरू झाली तर वाफच होती, वेगळा पुरावा नको.

पार्ट्सची काळजी करू नकोस. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरल्यावर २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली. एवढी वर्षं हजारो टॅक्स्या चालल्या, त्यामुळे किंग पिन (पुढची चाकं जिच्यावर वळतात ती खीळ), बुश, ब्रेक किट, पंपाचा पडदा असला माल अजून मिळतो. कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि ऑपेरा हाऊसची दुकानं बघ, पुण्यात नाना पेठ. कमी मिळतात त्या दिसणाऱ्या वस्तू: पुढची जाळी, दिव्यांच्या कडा, दारांचे हँडल, स्टिअरिंगवरचा भोंग्याचा गोल. तुझ्या गाडीचे मूळचे असतील तर जिवापाड जप. डेंटिंगला देताना हे सगळं आधी काढून घरी ठेव.

---

पौडफाटा

कागदांच्या बाजूने दोन गोष्टी. ११८ एनईचं निसानचं ११७१ सीसी इंजिन चांगलंच आहे, पण ते बसवलं की आरसीवरचा इंजिन नंबर, सीसी सगळं बदलतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलाबाहेर गाडी बदलता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही ते ठामपणे सांगितलंय. उद्या अपघात झाला तर विमा कंपनी पहिलं बोट तिथेच ठेवेल.

दुसरं, २०२१ च्या केंद्राच्या नियमाप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली आणि मूळ रूपात असलेली खासगी गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. तुझी २०२८ मध्ये तिथे पोचते. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केला असेल तर तो हक्क गेला.

पण कृष्णाकाठ, घाई करून व्हिंटेज नोंदणी करू नकोस. तशी नोंदलेली गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती असल्या कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. आजीला माहेरी न्यायचं असेल तर आत्ताची साधी नोंदणीच ठेव आणि दर पाच वर्षांनी फिटनेस करत राहा. फी जास्त पडते, पण गाडी चालवता येते. माझी स्वतःची फियाट मी अशीच ठेवलीय.

---

कृष्णाकाठ (सांगली)

सगळ्यांचे मनापासून आभार. काकांनी सांगितलं तसं केलं. रेडिएटरच्या डावीकडचा खालचा कोपरा हाताला पूर्ण गार लागला. मिरजेच्या कारागिराने टाकी उघडली तेव्हा त्या बाजूच्या नळ्यांत सळई शिरेना. ब्लॉकमागे लाल चिखल, अगदी तुम्ही लिहिलंत तसा. थर्मोस्टॅटची जागा रिकामी होती, नवा बसवला. पाइप सगळे बदलले, टायमिंग लावून घेतलं, प्लग आता विटकरी दिसतात.

परवा जोतिबाला नेली. पूर्ण चढावर काटा मधल्या रेघेच्या वर गेला नाही. पण वर पोचून गाडी बंद केली, दर्शन घेऊन आलो आणि सुरू करायला गेलो तर चटकन सुरू होईना. पिचकारी दिसली नाही. ठिणगी निळी होती. ओला फडका टाकला आणि सुरू झाली. आता हे कशाने?

---

उद्यमनगर (कोल्हापूर)

छान काम केलंस. आता उरलाय तो निव्वळ वाफेचा प्रश्न. चालू असताना पंख्याची हवा आणि वाहतं पेट्रोल पंपाला थंड ठेवतात. गरम इंजिन बंद केलं की ब्लॉकची उष्णता पंपात आणि कार्बोरेटरात चढते आणि वाटीतलं पेट्रोल उकळतं. कार्बोरेटरखालचं बॅकेलाइटचं जाड पॅकिंग जागेवर आहे का बघ. तडकलं की लोक तिथे साधा कागद टाकतात. पंप आणि ब्लॉकच्या मध्येही तसंच पॅकिंग असतं. तिथे जाडी बदलू नकोस, नाहीतर पंपाच्या दांडीचा स्ट्रोक कमी होईल. मग पंपापासून कार्बोरेटरकडे जाणारा पाइप कुठून जातोय ते बघ. एक्झॉस्टजवळून किंवा हेडला टेकून जात असेल तर लांबून वळवून घे.

चढून आलास की लगेच चावी फिरवून बंद करू नकोस, मिनिटभर तशीच चालू ठेव. सांगलीहून पहाटे निघ, परतीचा घाट ऊन चढायच्या आत गाठ.

डिस्क ब्रेकचं तुझं राहिलंच होतं. चारही ड्रम ब्रेक नीट असतील तर या वजनाला पुरतात, पण उतारावर पाय सतत पेडलवर ठेवला तर ड्रम तापून ब्रेक लागत नाही. कुंभार्ली दुसऱ्या गिअरमध्येच उतर. या गाडीत ब्रेकचा मास्टर सिलिंडर (पेडलने दाबला जाणारा मुख्य सिलिंडर) एकच आणि चारी चाकांना एकच लाइन आहे. कुठेही गळालं तर पेडल थेट खाली जातं. चाकांचे रबर बदललेस, पण मास्टरचं किट आणि चाकाजवळचे तीन रबरी होज बदललेस का? लिहिलेलं दिसलं नाही. ते केल्याशिवाय आजीला बसवू नकोस. हँडब्रेक एकटा गाडी उतारावर धरतो का तेही बघून घे.

किंग पिनला ग्रीस मार, जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत. आणि टायरच्या बाजूला लांबोळ्या चौकटीत चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. नक्षी नवीकोरी दिसली तरी शेडमध्ये वर्षानुवर्षं उभे राहिलेले टायर आतून वाळलेले असतात. पाचही टायरचे आकडे वाचून इथे लिही, मग टायरचं ठरवू.